चौथ्या टाकीतले वडीलधारे

आमच्या शेजारच्या नार्वेकर काकू रोज सकाळी साडेसहाला आमची भिंत वाजवतात. साउथहॅम्प्टनमधली आमची घरं एकमेकांना चिकटलेली, मधली भिंत एकच, आणि तिला लागून माझी उशी. तिकडून टकटक झाली की इकडून टकटक करायची. नाही केली तर पुन्हा टकटक, मग बेल, मग लेटरबॉक्सची फट उघडून हाक, "जिवंत आहेस ना रे?" गल्लीतल्या इंग्रजांना या वाक्याचा अर्थ कळत नाही, हे माझं नशीब.

मी पुण्याचा. शेजाऱ्यांशी संबंध चांगले असावेत पण ते दाराबाहेर असावेत, या मताचा. नवीन नवीन राहायला आलो तेव्हा मी रीतसर तक्रार करायला गेलो होतो. काकूंनी मला आत बसवलं, चहा दिला आणि उलट विचारलं, तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, कशा निवडतात ठाऊक आहे का. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी तिसरी पाहिलेली नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी समजावलं. मालवणला त्यांची आई बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांमधली जी जी उघडी दिसेल ती उचलायची आणि तिच्यावर टिचकी मारायची. मिटली तर जिवंत, पातेल्यात. नाही मिटली तर मेलेली, बाहेर.

"माणसाचंही तेच," काकू म्हणाल्या. "वाजवल्यावर कळतं."

"म्हणजे मी जिवंत निघालो तर पातेल्यात टाकणार?"

"तुझ्यात खाण्यासारखं आहे काय?"

तक्रार तिथेच संपली. भिंत वाजत राहिली.

काकू साठीला टेकल्या आहेत आणि पीएचडी करताहेत. त्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. ते गेले, मुलगा टोरांटोला स्थायिक झाला, आणि ज्या वयात आपली माणसं सोफ्यावर बसून गुडघ्यांचा विषय काढतात त्या वयात काकूंनी आपली जुनी एमएस्सी झुऑलॉजी झटकून विद्यापीठात अर्ज टाकला. विषय आर्क्टिकचे शिंपले. समुद्र तापला आणि आंबट झाला की त्यांचं काय होतं, हा. गणपतीच्या कार्यक्रमात एका बाईंनी मोदक वाढता वाढता विचारलं, "या वयात? आणि तेही शिंपल्यांवर?" काकू म्हणाल्या, "तुमच्यावर करणार होते, पण तुम्ही एका जागी बसत नाही." त्या बाई अजून आमच्या ओळीत बसत नाहीत.

त्यांच्या लॅबमध्ये चार टाक्या आहेत. पहिलीत आजचा आर्क्टिक समुद्र. दुसरीत तापलेला, तिसरीत आंबट झालेला, चौथीत दोन्ही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरला की पाणी आंबट होत जातं, आणि शिंपल्याचं घर चुन्याचं. तापलेल्या टाकीत मी एकदा बोट घालून पाहिलं तर बोट बधिर झालं. "हे गरम?" मी विचारलं. "त्यांचा हा मे महिना आहे," काकू म्हणाल्या.

हे शिंपले फार हळू वाढतात आणि फार जगतात. झाडाच्या खोडासारख्या रेघा त्यांच्या पाठीवर असतात, त्यावरून वय काढायचं. यातले बरेच जण आपल्यापेक्षा थोर आहेत हे कळल्या दिवसापासून काकू शिंपल्यांना अहोजाहो करतात. "अहो, जरा सरकता का?" असं म्हणून चमच्याने बाजूला करतात. त्यांचा गाइड मार्टिन मात्र त्यांच्या मुलाच्या वयाचा, म्हणून तो 'तो'. "पोरगं गुणी आहे," असं त्या त्याच्याविषयी सांगतात, "पण घाई फार." मान पदवीला नसतो, वयाला असतो, आणि त्यात माणूस की शिंपला हा भेद नाही.

याच काकू रविवारी मासळीवाल्याकडून पिशवीभर तिसऱ्या आणून त्यांचं सुकं करतात आणि बोटं चाटून खातात. मी एकदा डिवचलं, तर म्हणाल्या, "यांची माझी ओळख नाही." माझ्याशी ओळख झाली हे किती बरं झालं, असं मला वाटून गेलं.

त्यांचा एक शब्द आहे, 'वायच'. वायच म्हणजे थोडंसं. वायच थांब, वायच बघूया. हे त्या मार्टिनलाही ऐकवतात, आणि तो थांबतोही.

गेल्या फेब्रुवारीत काकूंच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. टाक्यांचा पंप कुरकुरत होता म्हणून त्यांनी दुखणं अंगावर काढलं, आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर त्या पलंगावर ताठ बसलेल्या, हातात फोन. मार्टिनचा ईमेल होता. चौथ्या टाकीतले सगळे शिंपले उघडे पडले आहेत, वाजवूनही मिटत नाहीत. फार वाईट वाटतं, पण ते गेले. आज दुपारी टाकी रिकामी करतो, तुम्ही विश्रांती घ्या, प्रबंध तीन टाक्यांवरही होईल.

"तीन टाक्यांवर कसा होईल?" काकू म्हणाल्या. "खरा येणारा समुद्र चौथीतला आहे. तीच टाकून दिली तर मी तीन वर्षं काय माशा मारल्या?" आणि त्यांनी पाय खाली सोडले.

नर्सने समजावलं, डॉक्टर आले, त्यांनी समजावलं. काकूंनी दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि स्वतःच्या जबाबदारीवर जाते अशी सही करून दिली. मी म्हटलं, अहो काकू, टाके आहेत तुम्हाला.

"टाके मला आहेत, गाडीला नाहीत. काढ."

हॉस्पिटलच्या गाऊनवर रेनकोट, पायांत हॉस्पिटलच्याच सपाता, पोटाशी उशी धरलेली, अशा अवतारात त्या माझ्या शेजारी बसल्या आणि प्रत्येक स्पीडबंपला सिटी कौन्सिलचा मालवणीतून उद्धार करत डॉकजवळच्या लॅबमध्ये पोहोचल्या.

मार्टिन तिथे पिवळी पिशवी उघडून उभा होता. काकूंना पाहून त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्याची चूक नव्हती. नियमात लिहिलं होतं तितका वेळ तो प्रत्येक शिंपल्यापाशी थांबला होता, आणि एकही मिटला नव्हता. काकूंनी टाकीवर वाकून वास घेतला. मग मान हलवली. मेलेली तिसरी लपत नाही, तिचा वास घर डोक्यावर घेतो, आणि इथे तसा काही वास नव्हता. नियम ज्याने लिहिला त्याने तो धडधाकट शिंपले बघून लिहिला, असं त्यांनी मार्टिनला सांगितलं. मग रेनकोटच्या खिशातून आपला चहाचा चमचा काढला आणि एकाच्या पाठीवर हलकेच वाजवलं.

"अहो, मी आले आहे."

काही झालं नाही. पंप घरघरत होता. मार्टिन जमिनीकडे बघत होता. मी आधी पार्किंगचा विचार केला, मग काकूंना धरून गाडीपर्यंत कसं न्यायचं याचा. मला खात्री होती की सगळं संपलंय आणि या बाईंना ते मान्य करवत नाहीये. हळूच म्हटलं, "काकू, चला आता."

"वायच थांब."

त्या एका हाताने उशी पोटाशी दाबून टाकीला टेकून उभ्या होत्या. कपाळाला घाम आलेला. नजर त्या फटीवर. मी कंटाळून दुसरीकडे पाहिलं आणि परत पाहिलं तेव्हा फट अरुंद झाल्यासारखी वाटली. भास असेल म्हणून मी जवळ गेलो. फट खरंच लहान होत होती, इतकी सावकाश की बघणाऱ्याने स्वतःवर संशय घ्यावा. मग ती मिटली. गाइडने विद्यार्थ्यांसमोर उच्चारू नये असा एक इंग्रजी शब्द मार्टिन मोठ्याने बोलला.

सगळे मिटले नाहीत. काही खरंच गेले होते. ते काकूंनी आपल्या हाताने उचलून ओल्या कागदावर वेगळे ठेवले. बाकीच्यांनी उत्तर दिलं, आपापल्या वेळाने.

"मेलेले नाहीत," काकू आधी मला म्हणाल्या आणि मग तेच मार्टिनला इंग्रजीत. "त्यांना उशीर होतोय. समुद्रात खेकडा थांबणार आहे का यांच्यासाठी? नाही थांबणार. आपण यांचा समुद्र तापवला, आंबवला, आणि वर लवकर उत्तर देत नाहीत म्हणून टाकून द्यायला निघालो. मी नाही टाकू देणार. हेच लिहिणार आहे मी. यांना किती उशीर होतोय, हेच."

मार्टिनने पिशवीची घडी करून ठेवली आणि काकूंना स्वतःची खुर्ची आणून दिली.

परतीच्या वाटेवर गोल चौकात मला उजवीकडची लेन मिळेना, तेव्हा काकू अचानक म्हणाल्या, "आई गेली म्हणून मी मालवणात होते. ह्यांना फोन करत होते, उचलत नव्हते. मला वाटलं ड्यूटीवर असतील. हॉस्पिटलला वाटलं रजेवर आहेत." मग पोटाशी धरलेली उशी सारखी करून, "तुमच्या घरात तेव्हा राहायचे ना, भली माणसं. फोन वाजतोय हे त्यांना भिंतीतून ऐकू यायचं म्हणे. पण भिंत वाजवून बघावी असं मनात आलं नाही. दोष नाही कोणाचा. इथे तशी पद्धत नाही."

मी आरशात बघून गाडी उजवीकडे घेऊ लागलो.

"म्हणून मी घातली," काकू म्हणाल्या. "सिग्नल दे. मागचा हॉर्न मारतोय."

त्या बऱ्या झाल्या आणि भिंत पुन्हा वाजू लागली. एप्रिलमधल्या एका रविवारी मात्र मी आपला आपण जागा झालो. घड्याळात सात वाजत आले होते. भिंत गप्प. इतक्या दिवसांत मी फक्त उत्तरं दिली होती, आधी कधी वाजवलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. मी उठून बसलो आणि टकटक केली.

काही आलं नाही.

पुन्हा केली. माझी बायको केतकी जागी झाली, तिने माझं तोंड पाहिलं आणि काकूंच्या घराची किल्ली शोधायला खाली धावली. भिंतीला कान लावला तर नुसती भिंत. खालून केतकी ओरडली, अरे चल ना. आणि माझ्या तोंडून निघालं, "वायच थांब." तिला म्हणालो की स्वतःला, मला माहीत नाही.

मग पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. एक टक. बऱ्याच वेळाने दुसरी. मी तसाच कान लावून होतो. मग तिसरी.

दुपारी त्या शाल गुंडाळून, खोकत आमच्या दारात आल्या. रात्री ताप चढला होता, पहाटे कुठे डोळा लागला. केतकीने त्यांना बसवून पेज दिली. त्यांनी ती खाल्ली, वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "इकडून पहिल्यांदा वाजलं आज."

मी म्हटलं, हो.

"जोरात वाजवत जा जरा. निम्मा आवाज तुमच्याच घरात राहतो." आणि शालीच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले, न लपवता.

हल्ली आमच्याकडे गजर साडेसहाच्या आधी होतो. केतकी म्हणते, तुला वेड लागलंय. लागू दे. पहिली टकटक माझी असते. उत्तर कधी लगेच येतं, कधी येत नाही, आणि मग मी भिंतीला कान लावून बसून राहतो.