व्याह्यांसाठी ताताराक

मुलीच्या, यित्काच्या, होणाऱ्या सासूसासऱ्यांना शनिवारी जेवायला बोलवायचं ठरलं, तेव्हा बोहुमीरने गप्प बसायला हवं होतं. त्याची बायको द्राहुश नेहमीसारखा सायीचा दाट रस्सा करणार होती, आणि त्या रश्शाला नावं ठेवणारा माणूस अख्ख्या ओलोमोउत्स शहरात अजून जन्मला नव्हता. पण बोहुमीर बोललाच.

"ताताराक करू. कच्च्या बीफचं, सुरीने बारीक कापून. खानावळीतल्यासारखं यंत्रातून काढलेलं नाही. मी करतो."

"तू?"

"मी!"

"आपल्या घरात मीठ कुठे असतं, ठाऊक आहे?"

"इतकी वर्षं राहतोय या घरात."

"म्हणून तर विचारतेय. कुठे असतं?"

"सापडेल," बोहुमीर म्हणाला.

(पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हाच माणूस शहराखालचे सगळे नळ नकाशा न बघता सांगायचा. मिठाचा डबा पडला जमिनीच्या वर.)

शनिवारी द्राहुश आणि यित्का पाहुण्यांना आणायला स्टेशनवर निघाल्या. दारातून द्राहुशने बजावलं, "नीट कर हं. तो स्लावोमिल भट्ट्या बांधतो, बोलतो कमी. आणि जिथलं जेवण आवडलं नाही, त्या घरात पुन्हा पाय ठेवत नाही म्हणे."

"त्याला उठवावं लागेल खुर्चीवरून," बोहुमीर ऐटीत म्हणाला.

कापायच्या फळीवर लालभडक, लुसलुशीत, चांगला किलोभर तुकडा होता. सुरी मात्र अशी बोथट, की मांस कापलं न जाता नुसतं इकडून तिकडे सरकत होतं. म्हणून बोहुमीरने खालच्या मजल्यावरच्या ओटाकरला हाक मारली. ओटाकर धारदार सुरी घेऊन आला, आणि सुरी देऊन परत जायचं विसरला.

दोघांनी मिळून मांस कापलं. त्यात अंड्याचा पिवळा बलक, कांदा, मोहरीची चटणी, मिरपूड, लाल तिखट सगळं कालवलं. बोहुमीरने चमचा पुढे केला. "बघ."

ओटाकरने डोळे मिटले. "मीठ कमी."

मीठ पडलं. "आता?"

"आता मीठ आहे, पण मोहरी गेली कुठे?"

मोहरी पडली. बोहुमीरने स्वतः चाखलं. "नाकात गेली रे! बलक घाल आणखी एक."

"नुसत्या चमच्यावर काय कळणार?" ओटाकर म्हणाला. "माणसं पावावर घालून खाणार. पावावरच बघायला हवं."

हे शास्त्रशुद्ध होतं. बोहुमीरने चरबीत पाव तळले, त्यांवर लसूण घासला. पावावर तिखट जास्त वाटलं, म्हणून बलक. मग ते मिळमिळीत वाटलं, म्हणून कांदा. घसा कोरडा पडला, म्हणून बिअर. बिअरनंतर जिभेवरची आधीची चव पुसली गेली, तेव्हा सगळं पहिल्यापासून तपासणं आलं. दोघांनी बाह्या सरसावल्या होत्या, चेहरे लालबुंद झाले होते, आणि ओटाकर गाणं गुणगुणत होता. तारुण्यानंतर बोहुमीर इतका आनंदात कधी नव्हता.

"हेच!" तो अचानक ओरडला. "ओटाकर, जमलं! आता याला हात लावायचा नाही!"

दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

"एकदा खात्री करू," ओटाकर म्हणाला.

त्यांनी खात्री केली. मग त्या खात्रीची खात्री केली. आणि दारात किल्ली फिरली.

बोहुमीरने वाडग्यात पाहिलं. तळाशी अक्रोडाएवढा गोळा होता.

"ओटाकर... मांस कुठे गेलं?"

ओटाकरने प्रामाणिकपणे टेबलाखाली वाकून पाहिलं. "मांजर असेल."

"आमच्याकडे मांजर नाही!"

"अरेरे," ओटाकर म्हणाला, आणि सुरी उचलून दारात पाहुण्यांना "मी आपला धार लावायला आलो होतो" असं सांगून लसणाच्या दरवळासकट निघून गेला.

बोहुमीरने त्या गोळ्याचा पावाच्या तुकड्यांवर, भिंतीला रंग द्यावा तसा, पातळ हात फिरवला आणि ताट बाहेर नेलं. स्लावोमिल कपाटाएवढा माणूस. त्याने तुकडा तोंडात टाकला आणि थांबला. सगळे थांबले.

"जन्मात असं ताताराक खाल्लं नाही," स्लावोमिल म्हणाला. "आणा बाकीचं."

बोहुमीर स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच उभा राहिला. मागून द्राहुश आली. तिने वाडगा पाहिला, मग नवऱ्याच्या शर्टावरची मोहरी.

"सगळं?"

"चव बघत होतो गं."

"किलोभर चव?"

पण बाई खंबीर. ती हसतमुखाने बाहेर गेली. "ही नुसती वानगी होती बरं का! खरं जेवण कोपऱ्यावरच्या खानावळीत. मांस त्यांचं, हात बोहुमीरचा. चला!"

खानावळीत बोहुमीरने सगळ्यांसमोर कच्च्या मांसाचा ढीग कालवला. हात सरसर चालत होते. खाल्लेलं मात्र गळ्याशी आलं होतं.

"पहिला घास तुमचा, व्याहीबुवा," स्लावोमिलने भरगच्च पाव त्याच्या नाकासमोर धरला.

बोहुमीर पांढराफटक पडला. "मला... पुदिन्याचा चहा मिळेल?"

वेटरने काळजीने विचारलं, डॉक्टरला बोलवू का.

"अगं बाई!" स्लावोमिलची बायको व्लास्ता कळवळली. "तुम्ही मांस खात नाही का?"

बोहुमीरने तोंड उघडलं. टेबलाखाली द्राहुशची टाच त्याच्या पायावर पडली.

"शिवतसुद्धा नाही," द्राहुश म्हणाली. "तुमच्यासाठी म्हणून आज हातात घेतलं त्याने."

स्लावोमिलने पाव खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले. "स्वतः खात नाही, आणि आमच्यासाठी उभा राहून कापतो! व्लास्ता, अशा घरची मुलगी सोडायची नाही." त्याने बिअरचा मग उंचावला, आणि लग्नाची तारीख तिथल्या तिथे ठरली. यित्का बापाच्या गळ्यात पडली. बोहुमीरने पुदिन्याच्या चहाचा घोट घेतला आणि सुखाने डोळे पुसले.

लग्न मे महिन्यात, स्लावोमिलच्या अंगणात झालं. निखाऱ्यांवर अख्खं डुक्कर भाजत होतं, कातडी तडतडत होती, वासाने रस्त्यावरची माणसं थबकत होती. सकाळपासून उपाशी असलेला बोहुमीर ताटली घेऊन पुढे सरकला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत व्लास्ता आली आणि ती रिकामी ताटली घेऊन तिने त्याच्या हातात दुसरी, रुमालाने झाकलेली दिली.

"तुमच्यासाठी वेगळं केलंय हं, व्याहीबुवा. मांसाचा वारासुद्धा लागू दिला नाही."

रुमालाखाली उकडलेला फ्लॉवर होता. बोहुमीरने आभार मानले, तेव्हा तिने प्रेमाने आणखी वाढला.