कणकेतलं लाटणं

खड्डा दहा फूट खणायचा होता. सहा फुटांवर पहार खणकन वाजली आणि मी कागदावर ‘कातळ लागला’ असं लिहून मोकळा झालो. चूक माझी होती, हसं मात्र नानांचं झालं.

नाना माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले निवृत्त शिपाई. कुणाकडेही गेले की चहाआधी कणीक मागायचे. सैल कणकेत लाटणं उभं रोवून ताटाला धक्का द्यायचे. ताट थांबलं तरी लाटणं डुलतच राही. मग पीठ घालून कणीक घट्ट मळायची, पुन्हा धक्का. आता लाटणं नुसतं थरथरे. नाना येऊन गेले की त्या घरच्या पोळ्या हमखास कडक व्हायच्या.

“भूकंप सगळ्यांना सारखाच,” ते म्हणत. “पायाखाली काय, ते आधी बघा.”

भुजच्या भूकंपानंतर त्यांनी नदीकाठच्या देवळाच्या दीपमाळेचा ध्यास घेतला. खाली गाळाची काळी माती आहे, एवढी उंच दगडी माळ डुलेल, वरचे दगड सुटतील, असं ते विश्वस्तांना रोज सांगत. शेवटी वैतागून विश्वस्तांनी मला, म्हणजे देवळाच्या दुरुस्तीवरच्या ओव्हरसियरला, खड्डा घ्यायला लावला. माझा कागद वाचून ते म्हणाले, “नाना, तुमची कणीक भाजली गेली.” तेव्हापासून गावात ते ‘कणीकवाले’.

दोन वर्षांनी शेजारी गटार खणताना माझा ‘कातळ’ गडगडत बाहेर आला. नुसता धोंडा होता. त्याखाली पहार लोण्यात जावी तशी गेली. मी धोंडा बाजूला टाकायला लावला आणि गप्प बसलो.

पण येता-जाता नाना दिसत. त्यांची बायको दीपमाळेच्या कट्ट्यावर मळ्यातली फुलं विकायला बसे. नाना दिवसभर शेजारी, हातात गजरा, डोळे वर. दोन तासांत एक गजरा होई, तोही वाकडा. एकदा न राहवून मी काकूंना विचारलं, हे इथे कशाला बसतात?

“माझ्यासाठी,” त्या हसल्या. “रोज म्हणतात, जागा बदल. मी म्हणते, साहेबांनी कातळ लिहिलाय, माझं गिऱ्हाईक इथलं. मग म्हणाले, बस, मीपण बसतो.”

नाना नुसते वर बघत राहिले.

मी खाली बसलो. “काकू, कातळ नव्हता. धोंडा होता. खाली नाना म्हणतात तीच माती आहे. मला दोन वर्षं ठाऊक होतं. नाना, माझं चुकलं. मला माफ करा. आणि काकू, आधी ही टोपली इथून उचला.”