नियम चौदावा, संपादकाच्या नौकेबद्दल

खोडरबर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय गुडघ्यापर्यंत ओला होता.

"पहिला आलो," ते म्हणाले.

"कशात?" बायकोने मान वर न करता विचारले.

"पेल्याच्या शर्यतीत. आपली 'सावकाश' पहिली आली!"

"बरं. अंकात आलं की वाचेन. छापलेलं तेवढंच खरं, असं तुम्हीच म्हणता ना?"

हे वाक्य खोडरबर लग्नापासून म्हणत आले होते, त्यामुळे आता तक्रारीला जागा नव्हती. छापखान्यात छत्तीस वर्षे मुद्रितशोधन करून ते निवृत्त झाले होते. इतरांनी लिहिलेले खोडणे हाच पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे हे नाव त्यांना पडले, आणि ते त्यांनी खोडले नाही.

त्या काळी शिडाच्या हातभर लांबीच्या नौकांना रिमोट नव्हता. बागेतल्या तळ्यावर रविवारी सकाळी नौका मंडळाचे सभासद जमत. शीड लावायचे, सुकाणू बांधायचे, नौका पाण्यात सोडायची आणि हातात काठी घेऊन काठाकाठाने पळत सुटायचे. नौका काठाला टेकली की काठीने ढकलून द्यायची. निम्मे सभासद साठीच्या पुढचे, पण पळताना त्यांतला एकही नऊ वर्षांहून मोठा दिसत नसे. शिडे जुन्या छत्रीच्या कापडाची असत. तळाशी बसवायचे शिसे घरच्या पातेल्यात वितळवले जाई आणि मग त्या घरात चार दिवस कोणी कोणाशी बोलत नसे.

मंडळाचा अंक सायक्लोस्टाइलवर निघे. त्याच्या शाईचा वास बोटांना मंगळवारपर्यंत राही. अंकाचे पूर्वीचे संपादक दातांचे डॉक्टर होते. माणूस दिलदार, पण लेखणी स्वतःच्या 'विद्युल्लते'पलीकडे जात नसे. ती सहावी आली तरी मथळा असे, 'सहाव्या क्रमांकाचा थरार'. पहिल्या पाच नौका कोणत्या, हे तळटीपेत मिळाले तर मिळाले.

खोडरबर संपादक झाले ते हे सगळे बंद करण्यासाठीच. पहिल्याच सभेत त्यांनी चौदा नियमांची लेखनसंहिता वाचून दाखवली. नौकेची लांबी मिलिमीटरमध्येच द्यावी. नौकेला 'लाडकी', 'बिचारी' अथवा 'माझी पोर' म्हणू नये. वारा खट्याळ नसतो. वाऱ्याला दिशा असते आणि वेग असतो, तेवढेच लिहावे. ज्या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही, ते छापू नये. आणि चौदावा नियम असा: संपादकाने स्वतःच्या नौकेचा उल्लेख अंकात कोणत्याही कारणाने करू नये.

"हा माझ्यासाठीच केलात ना?" डॉक्टरांनी विचारले.

"तुम्ही आता संपादक कुठे आहात?" खोडरबर म्हणाले. "हा नियम मला लागू."

त्या नियमाचा त्यांना सात वर्षे काडीचा त्रास झाला नाही. 'सावकाश' नावाप्रमाणे वागत होती. शेवटून पहिली नाही आली, तर शेवटून दुसरी.

आणि आज वारा मध्येच पडला, 'विद्युल्लता' तळ्याच्या मधोमध खांबासारखी उभी राहिली, आणि पलीकडच्या काठाने रेंगाळत चाललेल्या 'सावकाश'ला दोन झाडांच्या फटीतून एक झुळूक मिळाली. खोडरबर ओरडत पळाले, एक चप्पल तळ्याला देऊन आले, आणि दोन विती अंतराने जिंकले.

दुपारी ते वृत्तांत लिहायला बसले. 'पहिला क्रमांक' एवढे लिहून थांबले. मग लिहिले, 'पहिल्या क्रमांकाविषयी संपादकास लिहिता येत नाही.' वाचून पाहिले. वाचकाला काहीच कळत नव्हते. खोडले. शेवटी काळजावर दगड ठेवून त्यांनी यादी दोनपासून सुरू केली: '२. विद्युल्लता. ३...'

हा कागद टंकयंत्रावर स्टेन्सिल कापणाऱ्या बाईंकडे गेला. सात वर्षांत या गृहस्थांनी त्यांच्या एकशे बारा चुका काढल्या होत्या. एकपासून सुरू न होणारी यादी पाहून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी कोणालाही न विचारता आकडे सुधारून टाकले.

अंक छापून झाला तसा पेल्यावर नाव कोरणाऱ्या कारागिराकडे गेला. पूर्वी त्याला चिठ्ठी जात असे. पण एकदा त्याने विजेत्याच्या नावाखाली 'घाईने पाठवा' हेही सुबक अक्षरांत कोरले. तेव्हापासून फक्त छापील अंक पाठवायचा, असे ठरले होते.

आठवड्याने डॉक्टर खोडरबरांच्या घरी आले आणि त्यांनी पेला टेबलावर आदळला.

"हे काय? 'विद्युल्लते'चं नाव? अहो, मी दुसरा आलो होतो!"

"अंकात काय आहे?"

"अंक तुमचाच ना! शुद्धिपत्र काढा."

"शुद्धिपत्रात 'सावकाश'चा उल्लेख येणार. चौदावा नियम."

"मग नियम बदला."

"स्वतःसाठी? लोक काय म्हणतील?"

डॉक्टरांनी दारातून डोकावणाऱ्या वहिनींकडे मोर्चा वळवला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा. हे खरंच जिंकले हो! मी काठावर होतो."

"असतीलही," बायको म्हणाली. "माझ्या वाचनात नाही."

खोडरबरांचा चेहरा इतका पडला, की डॉक्टर खुर्चीत बसले. "असं करा," ते हळूच म्हणाले, "तुम्ही राजीनामा द्या. मी संपादक होतो आणि छापतो."

"तुम्ही विशेषणं घालाल."

"पोतंभर घालीन!"

खोडरबर बराच वेळ पेल्यावरचे नाव पाहत राहिले. मग त्यांनी कागद ओढला आणि तीन ओळींत राजीनामा लिहिला.

खास अंक निघाला. अडीच पाने. खट्याळ वारा पहिल्याच ओळीत होता. 'सावकाश' दोन वेळा लाडकी होती, एकदा बिचारी, आणि शेवटी अख्ख्या मंडळाची पोर. चौदावा सोडून उरलेल्या तेरा नियमांपैकी अकरा मोडले होते. खोडरबरांनी सवयीने लाल पेन्सिल हातात घेतली, आणि अडीच पाने संपली तरी ती कागदाला टेकली नाही. बायकोने चष्मा लावून सगळे मोठ्याने वाचले. चपलेच्या परिच्छेदाशी ती थांबली.

"एवढं पळालात? या वयात?" ती म्हणाली, आणि तो परिच्छेद तिने पुन्हा वाचला.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीत 'विद्युल्लता' पहिली आली. सोमवारी सकाळी डॉक्टर दारात हजर.

"घ्या तुमचं पद परत. मलाही छापून यायचंय."

"आणि पुढच्या वर्षी मी जिंकलो तर?"

"तर पुन्हा मी लिहीन. दोघांत जो हरेल त्यानं लिहायचं. बोला, कबूल?"

"कबूल. नियम पंधरावा."

या नियमानुसार खोडरबर पुढची अकरा वर्षे सलग संपादक होते.