धडधाकट गुडघ्याचा इलाज

डॉक्टर प्रेस्कॉटनी फाइलमध्ये "गुडघा दुखतो" एवढंच लिहिलं आणि ते गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला सुट्टीवर निघून गेले. कुठला गुडघा, ते लिहायचं राहिलं.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या त्या हाडांच्या दवाखान्यात दुखण्यांना विम्याचे कोड लावायचं काम आर्डिस लुंडक्विस्टकडे होतं. डाव्या गुडघ्याचा कोड वेगळा, उजव्याचा वेगळा. बाजू न सांगणाराही एक कोड होता. पण तो लावला की विमा कंपनी कागद हमखास परत धाडायची. अशा वेळी डॉक्टरांनाच विचारायचं, हा नियम. पण डॉक्टरांचा फोन लागेना, आणि ज्याची ती फाइल, त्या हालवोर निगार्डच्या नातीचं लग्न तर तोंडावर आलेलं. तिच्याबरोबर नाचता यावं म्हणूनच म्हातारा दवाखान्याची पायरी चढला होता.

आर्डिसला आठवलं, काचेपलीकडे तिच्याकडे तोंड करून बसलेला हालवोर गुडघा चोळत होता. तिच्या डाव्या हाताकडचा. तिनं डाव्याचा कोड लावला आणि एका म्हाताऱ्याचं भलं केल्याच्या समाधानात कॉफी ओतून घेतली. मंजुरी आली आणि हालवोरची गुडघ्याच्या व्यायामाच्या उपचारांना रवानगी झाली.

समोरच्या माणसाचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो, हा उजेड तिच्या डोक्यात पडला तेव्हा बर्फ वितळून गेलं होतं. हालवोर पुन्हा आला, तो उजवा पाय ओढतच.

"अहो, व्यायामाचा काहीच गुण नाही आला?"

"आला की! डावा अगदी लोखंडासारखा झालाय."

"पण दुखत कुठला होता?"

"उजवा. अजून दुखतोय."

"मग तिथं बोलला का नाहीत?"

हालवोर ओशाळला. "बोललो ना एकदा. ती व्यायाम करून घेणारी पोरगी म्हणाली, मंजुरी डाव्याचीच आहे. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, दुखणं डाव्यातून उजव्यात उतरत असेल. उगाच कुणाची पंचाईत कशाला?"

"आणि लग्न?"

"झकास झालं. मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या."

आर्डिसनं त्याला तिथंच सगळं खरं सांगितलं आणि लगेच विमा कंपनीला फोन लावला.

"बाई, यांचा गुडघा बरा झाल्याचा अहवाल आलाय," पलीकडचा माणूस म्हणाला. "वेदना अजिबात नाहीत."

"त्यात मुळातच नव्हत्या हो!"

"मग उपचार कशाचे केले?"

डॉक्टरांचं दुरुस्तीपत्र गेलं. त्यावर खुलासा मागवला गेला, खुलाशावर आणखी खुलासा. मंजुरी आली तेव्हा झाडांची पानं गळायला लागली होती, आणि उपचारांआधी नव्यानं तपासणी हवी, असं तिच्यात बजावलं होतं.

तपासणी झाल्यावर डॉक्टर स्वतः कागद घेऊन आले. "या वेळी नीट लिहिलंय बघ. दोन्ही गुडघे."

"दोन्ही?"

"उन्हाळाभर सगळा भार डाव्यावर टाकला ना त्यांनी. तोही गेला." डॉक्टर हसले. "म्हणजे तुझा कोड शेवटी बरोबरच ठरला की!"

आर्डिसला हसू आलं नाही. आपली चूक चूकच राहिली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. मागून हालवोर काठी टेकत आला.

"मला माफ करा हो," ती म्हणाली.

"छे, छे! मनाला लावून घेऊ नका, आर्डिसबाई. आता तरी तुमच्या कागदात सगळं जुळलं ना?"

"जुळलं."

"मग झालं तर," तो तिच्यासाठी मनापासून सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाला. आणि आता कुठल्या पायानं लंगडावं याचा क्षणभर विचार करून दाराकडे निघाला.