वाघमारे काकांचे ‘जैसे थे’

शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत समोरच्या घरात राहणारे वाघमारे काका संगणकाला नवा प्रिंटर जोडण्यापूर्वी जेवढी तयारी करतात, तेवढी काही माणसे लग्नापूर्वीही करत नाहीत.

आधी संपूर्ण यंत्राची त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी नोंदवायची आणि मगच माऊसला हात लावायचा, हा त्यांचा नियम. काही बिघडले तर यंत्र एका आज्ञेसरशी त्या स्थितीला परत येते. आम्ही संगणकवाले याला स्नॅपशॉट म्हणतो. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या काकांना तो शब्द मान्य नाही.

“स्नॅपशॉट म्हणजे फोटो. फोटोतून कोणी परत येत नाही. हा ‘जैसे थे’चा आदेश आहे.”

प्रत्येक आदेशाला नाव असते: ‘प्रिंटर जोडण्यापूर्वी’, ‘अपडेटपूर्वी’, ‘मेव्हणे येण्यापूर्वी’. मेव्हणे संगणकावर फक्त पत्ते खेळतात, हे मी निदर्शनास आणून दिले.

“म्हणूनच,” काका म्हणाले.

खराडीला मी हेच काम कंपनीच्या सर्व्हरवर करते. त्या अधिकाराने एकदा त्यांना बजावले, “काका, हे सगळे एकाच डिस्कवर आहे. डिस्क गेली की आदेशही गेले. याला बॅकअप म्हणत नाहीत.”

“इंजिनिअर, आपल्या कंपनीत म्हणत नसतील.”

वेगळ्या प्रतीचा माझा आग्रह काकूंच्या लिखाणासाठी होता. काकू भूगोलाच्या शिक्षिका. निवृत्तीनंतर त्यांनी शाळेच्या आठवणी याच संगणकावर लिहिल्या होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

एका रविवारी दुपारी काकांनी आमचे दार वाजवले.

“हिचे लिखाण गेले. आणि सकाळचा आदेश लागू होत नाही. संध्याकाळच्या आत परत हवे.”

डिस्क काठोकाठ भरली होती. जुन्या नोंदी काढल्याशिवाय जागा होणार नव्हती. मी यादी उघडली आणि थबकले. ‘सकाळी, ही उठण्यापूर्वी’: एकाच नावाची नोंद, रोजची, कित्येक महिन्यांची.

“रोज का?”

काका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. “सकाळी ही वाचायला बसते. कोणीतरी भलतेच लिहून ठेवले आहे म्हणते आणि पुसून टाकते. संध्याकाळी विचारते, माझे लिखाण कुठे आहे? डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार.”

“फाइलला कुलूप लावता येईल. पुसताच येणार नाही.”

“लावले होते. दिवसभर रडत बसली. मला माझ्याच घरात काही करू देत नाहीत, म्हणाली.”

मेव्हण्यांसकट साऱ्या जुन्या नोंदी मी एकेक करून काढल्या; आजची तेवढी ठेवली. लिखाण परत आले. त्याची एक प्रत मी माझ्या वेगळ्या डिस्कवरही उतरवली. काकांनी हरकत घेतली नाही.

सहाच्या सुमारास काकू आल्या. पडद्यावरचे पहिले पान त्यांनी बोट फिरवत वाचले. मग माझ्याकडे वळल्या.

“हे कोणीतरी पुसते. मला ठाऊक आहे. कोण?”

मी काही बोलण्याआधी काका म्हणाले, “माझ्याच हातून जाते.”

“अहो, किती हा वेंधळेपणा. पुन्हा असे करू नका.”

“नाही करणार.”

काकूंना तेवढ्याने भरवसा वाटला नाही. त्यांनी दुसरी खुर्ची ओढून काकांना शेजारी बसवले, त्यांचे बोट धरून एका कळीवर टेकवले आणि वर्गातल्या शांत आवाजात, ही कळ का दाबायची नाही, ते समजावू लागल्या. काका मान खाली घालून ऐकत होते.