साऱ्या जगाचं ठरलंय

रामजीकाकांच्या खिशात पेनाऐवजी दाभण सापडेल. वारंगा फाट्यावर माझं खता-औषधांचं दुकान आहे. दुकानामागे फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पडलेला दिसला, की कोणी पुन्हा वापरू नये म्हणून काका आधी त्याला भोक पाडतात आणि मग माझी विचारपूस करतात.

काका आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. डब्यावरची कवटीची खूण सगळ्या देशांनी मिळून कशी ठरवली, हे ते अशा थाटात सांगतात, की त्या बैठकीत चहा यांनीच वाटला असावा. परवा एका गिऱ्हाइकाने पाण्यासाठी रिकामा कॅन मागितला. काका उखडले. "साऱ्या जगाचं ठरलंय! जपानवाल्यानं ऐकलं, ब्राझीलवाल्यानं ऐकलं, तूच काहून ऐकून न्हाई राहिला?"

दिवाळीत तर त्यांनी हद्दच केली. माझ्या बायकोने पुसेगावहून माहेरचं करडीचं तेल कॅनभर आणलं होतं. काका घरी आले आणि ओट्यावरच्या त्या भरल्या कॅनला सरळ भोक पाडून मोकळे झाले. स्वयंपाकघरभर तेल.

"काका, डोकं फिरलं काय तुमचं?" बायको कडाडली.

काकांनी कॅन फिरवला. खरवडलेल्या कागदावर अर्धी कवटी शिल्लक होती. औषधं विकणारा मी, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला त्यांच्या घरी गेलो. काका एकटेच राहतात. कोनाड्यात एक पांढरा कॅन होता, लख्ख घासलेला आणि अजिबात भोक नसलेला. मी चेष्टेने म्हणालो, "काका, हा बरा सुटला तुमच्या हातून?"

"शांताचा हाय," ते म्हणाले. शांताकाकू म्हणजे त्यांची बायको. "ह्याच्यात पाणी घेऊन वावरात जायची. औषधाचा रिकामा, मीच दिला व्हता आणून, मजबूत हाय म्हणून. पोटाच्या दुखण्यानं गेली. ह्याच्यानंच का, ते डॉक्टरलाबी सांगता आलं न्हाई. ह्या डब्यांचं ट्रेनिंग मला ती गेल्यावर झालं. साऱ्या जगाचं आधीच ठरलं व्हतं, बाप्पा. आमच्या घरी सांगायला कोनी आलं न्हाई."

हा माणूस खिशात दाभण घेऊन का फिरतो ते मला तेव्हा कळलं. काहीतरी करावं म्हणून मी म्हणालो, "द्या दाभण. मी पाडतो भोक."

काकांनी खिशावर हात ठेवला.

"राहू दे. राखेनं घासलाय तिनं."