इंगवले बंधू फूट

कायदा पाळावा तर या बाळासो इंगवल्यानं! दोन हजार आठ साली दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून सगळीकडं आरडाओरडा झाला, तेव्हा मंगळवार पेठेतली पहिली पाटी मीच उतरवली. दुकान आम्हा दोघा भावांचं, माझं आणि धाकट्या हंबीररावाचं. बूट-सँडलचं. वर इंग्रजी पाटी, 'इंगवले ब्रदर्स फूटवेअर'. पंचवीस वर्षांत ती कुणी वाचली नव्हती आणि कुणाचं अडलंही नव्हतं! पण दुकान निरीक्षक दम देऊन गेले, "आठ दिवसांत मराठी करा. अक्षरं मोठी पाहिजेत!"

"मोठी? दोन-दोन फुटांची करतो!" मीही पेटलो.

ज्ञानू पेंटरनं शिडी लावली. दुपारी हाक आली, "मालक, फळी संपली!"

बाहेर येऊन बघतो तर पिवळ्यावर लालभडक: 'इंगवले बंधू फूट'.

"आरं, वेअर कुठं हाय?"

"ते उद्या. दुसरी फळी जोडून." आणि पठ्ठ्या सायकलवर टांग मारून आपल्या गावाला, गडमुडशिंगीला पसार!

तासाभरात एक गिऱ्हाईक आत डोकावलं. "पावणं, वाटण्या चालल्यात न्हवं? माल निम्म्यात काढताय काय?"

"कसल्या वाटण्या? आमचं एकत्र हाय!"

"मग बोर्ड कशाला लावलाय?"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. शिडी शोधतोय तोवर रिक्षातून आमची थोरली बहीण शेवंताक्का उतरली, पायरीवरच फतकल मारून रडायला लागली.

"आईला जाऊन वरीस न्हाय झालं, तवर फुटलासा? आणि एवढ्या मोठ्या अक्षरात?"

"अक्का, ते फूटवेअर हाय! अर्धं ऱ्हायलंय!"

"वैर? आता वैरबी लिवायचं ऱ्हायलंय व्हय!"

तेवढ्यात हंबीरराव जोतिबाहून परतला. वाटेतच त्याला कुणीतरी फोन केला होता. कपाळावरच्या गुलालापेक्षा तोंड लाल!

"वाटणी पायजे हुती तर तोंडानं सांगायची, दादा!"

"आरं, पाटी कायद्यानं लावलीया!"

"कायद्यानं? म्हंजे वकीलबी गाठलास! मी तर दिवाळीपतोर दम धरणार हुतो!"

अक्काचं रडणं एकदम थांबलं.

"कशाचा दम रं?" मी विचारलं.

"धा वर्सं मी माळ्यावरनं खोकी काढतोय, आणि तू फॅनखाली बसून 'हंबीर, सात नंबर!' म्हणून वरडतोस. मीबी मालकच हाय की!"

खोटं नव्हतं ते. दहा वर्षांत मी माळ्याच्या शिडीला हातसुद्धा लावला नव्हता. अक्कानं मला बाजूला सारलं, हंबीररावाला दंडाला धरून आत नेलं आणि फॅनखालच्या माझ्या खुर्चीत बसवलं.

फूट टळली. पण आता गुडघे धरत माळ्यावर मी चढतो. कायदा पाटीचा होता हो! मालकाची बदली माळ्यावर करावी, असं त्यात कुठल्या कलमात लिहिलंय?

थांबा, खालून हाक आली. आठ नंबर पाहिजे म्हणे.